टायरवरचे चार आकडे

उतारावर ट्रॅक्टरचं मागचं चाक फाटून बसलं, ट्रॅक्टर ओढ्याच्या अंगाला कलला आणि वाडीतून फोन आला, तेव्हा आमच्या घरच्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "ट्यूब गेली की टायरच गेला?" चालवणाऱ्या पोराला काही लागलं का, हे कुणी विचारलं नाही. मी तेव्हा ठाण्यात, वर्तकनगरला माझ्या घरी होते. दुसऱ्या दिवशी मुरबाडला पोचले तेव्हा मला हे कळलं. या गोष्टीला आता बरेच महिने झाले, पण डोक्यातून जात नाही.

थोडक्यात सांगते. मुरबाडजवळ म्हसा गावाच्या बाजूला वडिलांची थोडी भातखाचरं आणि वर वरकस माळ आहे. भाऊ गेल्यापासून शेती भाचा बघतो, माझा हिस्सा आहे आणि खर्चातही मी असते. पूर्वी त्या माळावरचं गवत दिवाळीच्या सुमारास विळ्याने कापून, भारे बांधून वखारीत जायचं आणि तिथून मुंबईच्या तबेल्यांत. ठाणे जिल्ह्याच्या गवतावर मुंबईच्या किती म्हशी पोसल्या गेल्या, हे आता कुणाला सांगूनही खरं वाटत नाही. कापायला माणसं मिळेनात, तसा माळ पडून राहिला. मग करवंदाच्या जाळ्या पसरल्या, कुडा उठला, घाणेरी आणि रानमोडीने कडा धरल्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठून तरी वणवा येतो आणि एवढं सगळं वाळलेलं समोर असलं की तो थांबत नाही. आमची काजूची कलमं त्यातच गेली. म्हणून भाच्याने चोवीस हॉर्सपॉवरचा, चारही चाकांना ताकद असलेला एक छोटा जुना ट्रॅक्टर घेतला आणि मागे लावायला झुडपं कापणारा स्लॅशर. मागचे दोन्ही टायर गोटा झालेले होते. ते बदलायचे, एवढंच काम होतं.

एवढंच म्हणते, पण मी ते तसं घेतलं नव्हतं. मी आयुष्यभर औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम केलं. माल घेताना तो काय आहे, कुणी बनवला, कधी बनवला हे विचारायची सवय हाडात मुरलेली आहे. मुरबाडच्या एका जुन्या मेकॅनिककडे बसून मी सगळं समजून घेतलं होतं. ट्रॅक्टरच्या टायरची नक्षी कामाप्रमाणे बदलते. आपल्याकडे सर्रास दिसतो तो उंच तिरप्या दातांचा, नांगरटीचा टायर. त्याला आर-1 म्हणतात. भाताच्या चिखलासाठी त्याहून खोल दातांचा आर-2. हिरवळीवर, बागेत चालवायचा तो बुटक्या, पसरट नक्षीचा आर-3. तो वळताना गवत उपटत नाही, पण ओल्या उतारावर घसरतो. आणि चौथा आर-4, मशिनरीचा : दात जाड आणि रुंद, बाजूची भिंत भक्कम.

आमची अडचण अशी की दोन वेगळी कामं एकाच माळावर होती. वरच्या सपाट भागात गवत राखायचं होतं. तिथे नांगरटीचा टायर प्रत्येक वळणावर मुळं उचकटतो, आणि पहिल्या पावसात तिथून माती वाहून जाते. खालच्या उतारावर झाडोरा काढायचा. तिथे पकड हवी आणि खुंटापुढे टिकेल अशी भिंत हवी. मेकॅनिकचं म्हणणं पडलं की चौथ्या प्रकारचा मिळाला तर उत्तम, नाहीतर नांगरटीचाच घ्या पण जास्त प्लायचा, म्हणजे भक्कम भिंतीचा घ्या. आणि एक गोष्ट त्याने दोनदा बजावली : चारही चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागचा टायर मनाला येईल त्या मापाचा घालायचा नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्याचं गणित गिअरमध्ये बांधलेलं असतं. ते बिघडलं की डांबरी रस्त्यावर गिअरबॉक्स आतल्या आत ओढाताण सोसत राहतो.

ऑक्टोबर 2024मध्ये हे सगळं कागदावर लिहून मी भाच्याबरोबर कल्याणच्या बाजूच्या एका दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही. प्रश्न मी विचारत होते आणि दुकानदार उत्तरं भाच्याला देत होता. चौथ्या प्रकारचा टायर आहे का, तर भाच्याकडे बघून, "तसलं इथे कोण घेतं? ऑर्डर टाकावी लागेल, चार-पाच जोड्या एकदम." भिंत किती प्लायची, तर भाच्याला, "तुम्ही निवांत राहा." टायर किती जुने आहेत, असं मी सरळ विचारलं. तेव्हा मात्र तो माझ्याकडे वळून हसला. "काकू, काल गाडीतून उतरलेत. हात लावून बघा." टायर काळेभोर चकचकीत होते. नंतर कळलं की पॉलिश मारून कुठलाही टायर तसा करता येतो. जोडीचे पंधरा हजारांच्या वर पैसे दिले, त्यावर तेव्हाचा 18 टक्के जीएसटी. (22 सप्टेंबर 2025पासून ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी 5 टक्के झाला, तेवढं बरं झालं.)

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. मुरबाडपासून तासाभरावर अंबरनाथला सिएटच्या कारखान्यात ट्रॅक्टरचे रेडियल टायर बनतात आणि परदेशी जातात. वाळूजला बीकेटी, म्हणजे मुंबईचीच बाळकृष्ण इंडस्ट्रीज, शेतीचे आणि हिरवळीचे नाना तऱ्हेचे टायर बनवते आणि त्यांचा मोठा बाजार युरोप-अमेरिकेत आहे. तिकडच्या कुरणांवर आपल्या मातीतले टायर फिरतात आणि मुरबाडच्या शेतकऱ्याला त्यातली एक जोडी हवी तर सांगतात, पाच जणांना गोळा करून आणा. कारखान्यांना मी दोष देत नाही, मागणी असेल तिथे माल जाणार. पण मधल्या दुकानांनी शेतकऱ्याला काय हवं ते कधी विचारलंच नाही, तर मागणी दिसणार कुठून?

आता तो दिवस. ट्रॅक्टर चालवायला ठाकरवाडीतला एक तरुण होता. त्याची कामाची पद्धत मी आधी उभी राहून पाहिलेली आहे, म्हणून हे तपशिलाने लिहिते. स्लॅशरचं पातं मागे असतं. ट्रॅक्टरची चाकं आधी न कापलेल्या झुडपांवरून जातात, ती झुडपं वाकतात, टायरला फारसं काही होत नाही. धोका पुढच्या फेरीत असतो. आधीच्या फेरीत पात्याने तोडलेले, फुटून टोकदार झालेले खुंट उभे असतात आणि पुढच्या फेरीत एका बाजूची चाकं त्यांच्यावर येतात. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. तो सकाळी आधी कोयती घेऊन चालत जायचा. मनगटाएवढी खोडं अगदी जमिनीलगत, आडवी तोडायचा, तिरपी नाही. तिरप्या घावाने खुंटाला टोक येतं. करवंदाच्या जाळीत दगड दिसला तर तिथे फडक्याची खूण बांधायचा. मग ट्रॅक्टर. फेरी अशी धरायचा की आतली चाकं आधी कापलेल्या पट्ट्यावर जेमतेम येतील. काम सावकाश व्हायचं, त्यावरून भाचा कुरकुरायचा. मला मात्र ते बघत राहावंसं वाटायचं.

त्या दिवशी उतारावर वळताना खालच्या अंगाचा मागचा टायर बाजूने फाटला. अंगठ्याएवढा कुड्याचा खुंट होता. कुड्याचं लाकूड ते काय, पांढरं, मऊ. ट्रॅक्टर कलला. त्या पोराने स्लॅशर जमिनीवर टेकवला, पात्याची फिरकी बंद केली, ब्रेक दाबून धरला, इंजिन बंद केलं आणि वरच्या बाजूने उडी मारली. अशा वेळी माणूस घाबरून खालच्या अंगाला उतरतो आणि ट्रॅक्टर त्याच्यावर येतो. याने क्षणात बरोबर केलं. ट्रॅक्टर उलटला नाही, एक ओरखडासुद्धा पत्र्याला आला नाही. आणि संध्याकाळी अंगणात बसून सगळ्यांनी ठरवलं काय, तर याने खुंटावर घातला. दुकानदाराला फोन केला, तोही तेच म्हणाला, "ड्रायव्हरची चूक. कट गेलाय, कट वॉरंटीत नसतो." झालं, सगळ्यांना सोयीचं उत्तर मिळालं. त्याच्या मजुरीतून अर्धे पैसे कापायचे ठरले, आणि ते कापलेही गेले. मी पोचेपर्यंत हिशोब उरकलेला होता. त्याने वाद घातला नाही. मला एवढंच म्हणाला, "बाई, खुंट व्हता, नाही म्हनत नाही. पन टायर असा फाटत नाही."

मी फाटलेला टायर उजेडात नेऊन पाहिला. घाव खुंटाच्या जागी छोटाच होता, पण तिथून चीर रिमच्या कडेने वीतभर सरळ धावली होती. आणि चीर नव्हती त्या भागातही, टायर बोटांनी दाबून वाकवला की केसाएवढ्या बारीक भेगांची जाळी उघडायची. मी मोबाइलवर फोटो काढले आणि वर्तकनगरला परतल्यावर पोखरण रोडच्या पंक्चरवाल्याला दाखवले. ट्रकचे टायर बघण्यात त्याचा जन्म गेलेला आहे. त्याने फोटो मोठा केला, भिंतीवरच्या लंबगोलात चार आकडे दाखवले : 4417. "पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. 2017चा चव्वेचाळिसावा आठवडा. ताई, हा सात वर्षं कुठेतरी पडून होता."

त्याने समजावलं ते माझ्या रसायनशास्त्राशी जुळत होतं. हवेतला ओझोन रबराला खातो. म्हणून रबरात मेणासारखी द्रव्यं घालतात. टायर फिरत, वाकत राहिला की ती द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात आणि रबराला जपतात. पडून राहिलेल्या टायरला हे संरक्षण नीट मिळत नाही, आणि उन्हात पडला असेल तर विचारायलाच नको. नुसत्या रस्त्यावर ट्रॉली ओढायला कदाचित तो चालून गेला असता. भिंत वाकवणाऱ्या उतारावर आणि खुंटांत तो टिकणार नव्हता.

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर तारीख स्पष्ट छापावी लागते आणि मुदत संपलेली बाटली विकली तर परवान्यावर गदा येते. इथे माणसाचा जीव ज्याच्यावर तोललेला आहे त्या टायरची तारीख आकड्यांच्या कोड्यात, तीही बहुतेक वेळा एकाच बाजूला, आणि टायर चढवताना ती बाजू आत गेली तर दिसतही नाही. विक्रीला वयाची अट नाही. हे विचारल्यावर दुकानदार म्हणाला, "जुना झाला म्हणून काय झालं, वापरलेला थोडाच आहे?" आणि कायद्याने त्याला लगेच काही होत नाही. मला राग याचा आला, पण त्याहून जास्त याचा, की हे कोडं वाचता न येणाऱ्या सगळ्यांनी मिळून दोष मात्र बरोबर सगळ्यात गरीब माणसावर टाकला.

भाच्याला मी फोटो दाखवले. तो गप्प बसला, मग म्हणाला, "आत्या, पण खुंट तर होताच ना." कापलेले पैसे मी परत द्यायला लावले. त्या पोराने ते घेतले. पण पुन्हा आमच्याकडे कामाला आला नाही. आता तो एका वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवतो.

त्या काळात मी ठाम होते की उतारावर ट्रॅक्टर नकोच. विळा, कोयती आणि पाठीवरचा ग्रासकटर पुरे. आज तसं म्हणवत नाही. बेणणीला माणसं शोधून बघा, मग कळेल. मशिनशिवाय त्या माळाचं काही होणार नाही. पण तरीही सगळा माळ साफ करायला माझा विरोध आहे. मे महिन्यात वाडीतल्या बायका कल्याण-ठाण्याच्या स्टेशनांबाहेर करवंदं घेऊन बसतात. ती याच जाळ्यांतली असतात. वणव्यासाठी कडेने रुंद पट्टा साफ ठेवा, गवताचा भाग मोकळा करा, मधल्या जाळ्या राहू द्या. भाचा यावर अजून माझ्याशी भांडतो.

आता ट्रॅक्टरला त्याच मापाचे, नांगरटीच्याच नक्षीचे पण जास्त प्लायचे टायर आहेत. चाकं उलटी बसवून दोन्ही बाजूंनी रुंदी वाढवली, म्हणजे उतारावर तोल राहतो. टायरमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी भरलं. तेवढं वजन खाली आल्यावर पकड धरते. उरलेल्या जागेत हवा किती ठेवायची, ते भरवशावर न सोडता मीटरने मोजतो. वरच्या गवतात मात्र हे टायर वळणावर अजूनही माती उकरतात. म्हणून तिथे वळायचं ते लांबून, आणि जमीन ओली असताना जायचंच नाही.

दुकानदाराने पैसे दिले नाहीत. मी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. अडचण एकच आहे : माझ्या बिलावर टायरचं माप आहे, पण तारखेचा आकडा नाही. तेव्हा ट्रॅक्टरचा टायर घ्याल तेव्हा टायरवरचे ते चार आकडे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. तो लिहायला तयार नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.