नकाराचे शब्द

नको म्हणण्यासाठीं इंग्रजींत जे शब्द आहेत, त्यांना एकेकाला जवळ बोलावून कुळगोत्र विचारलें तर मोठी करमणूक होते. ‘रिजेक्ट’ लॅटिनांतून आला. मूळ अर्थ मागें फेंकणें. ‘डिक्लाइन’ म्हणजे बाजूस कलणें, नुसती मान वळविणें. ‘स्पर्न’ या जुन्या इंग्रजी शब्दांत पाय आहे, आपल्या ‘लाथाडणें’ यांत आहे तसाच. ‘रिप्युडिएट’च्या पोटांत रोमन लोकांची काडीमोड आहे. आणि ‘बॉयकॉट’ हें तर एका माणसाचें आडनांव. १८८० सालीं आयर्लंडांत एका जमीनदाराचे कारभारी कॅप्टन बॉयकॉट यांच्याशीं कुळांनीं सर्व व्यवहार तोडले, आणि गृहस्थ कायमचे कोशांत जाऊन बसले.

घरची भाषाही या बाबतींत दरिद्री नाहीं. धिक्कारांत ‘धिक्’ आहे, नकारांत नुसता ‘न’. नन्नाचा पाढा आहे. आणि वाटाण्याच्या अक्षता! तांदळाची अक्षता कपाळीं टिकते, वाटाणा घरंगळतो. इतकें सुरेख नाहीं म्हणणें कोणत्या भाषेंत असेल?

आमचा परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होता. दप्तर उर्दू, त्यामुळें ‘नामंजूर’, ‘खारीज’ हे शब्द आमच्या वडिलांच्या तोंडीं घरच्यासारखे. पण ते अर्जांना आणि दाव्यांना लागत. माणूस खारीज झाला असें आम्हीं कधीं ऐकलें नाहीं. आतां मात्र ओल्या कापसाची गाडी परत आली तर ती ‘रिजेक्ट’, आणि उपवर मुलगा परत आला तर तोही ‘रिजेक्ट’. एकच शब्द, एकच तागडी.

हें आठवण्याचें कारण आमचा पुतण्या. वय तेहतीस, सेलूजवळ बारा एकर जमीन, शेतकीची पदवी, स्वभाव निर्मळ. परंतु खेड्यांत राहून शेती करणाऱ्या मुलास हल्लीं मुलगी मिळत नाहीं, हें आमच्या भागांतील घरोघरचें दुःख आहे. विवाह जुळविणाऱ्या एका संकेतस्थळावर त्याचें नांव घातलेलें. तेथून मोबाइलवर उत्तर येतें, तें ‘डिक्लाइन्ड’ असें. तो मात्र आईला सांगतो, “मला रिजेक्ट केलं.” आम्हीं मास्तरकीच्या सवयीनें त्याला दोन्ही शब्दांतील अंतर समजावून दिलें: त्यांनीं तुला फेंकलें नाहीं रे, फक्त मान वळविली. तो म्हणाला, “काका, मान का वळवली ते तरी कुठं सांगतात?”

यावर आम्हांस जुनी रीत आठवली. पूर्वीं पोस्टकार्ड येई: पत्रिका जुळत नाहीं, क्षमस्व. दोष ग्रहांचा, माणूस मोकळा. आम्हांला ही रीत फार सभ्य वाटे. कालिदासानें तरी दुसरें काय केलें? महाभारतांतील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही भर सभेंत नाहीं म्हणतो. कालिदासानें मध्यें दुर्वासाचा शाप आणि अंगठी घातली, तेव्हां कोठें पांचव्या अंकांतील तें प्रत्याख्यान राजाला शोभलें. पत्रिका हा गरिबाघरचा दुर्वासच.

हें सारें आम्ही रसानें सांगत असतां आमच्या थोरल्या ताई भाजी निवडीत बसल्या होत्या. त्यांना नऊ ठिकाणीं दाखविलें होतें. त्या मान वर न करतां म्हणाल्या, “नऊही घरांच्या पत्रिका कशा बरं जुळल्या नाहींत? माझा रंग काळा, हे मला पहिल्या कार्डालाच कळलं होतं. दादांनी ती कार्डं जपून ठेवली. मला वाटे, एकानं तरी खरं लिहावं. आणि ‘मागाहून कळवतों’ म्हणून गेलेले दोघे? त्यांची वाट आई चार महिने बघत होती.”

शकुंतलेला शापाची बातमी सातव्या अंकापर्यंत नव्हती, हें तेव्हां आमच्या ध्यानीं आलें. शापाचा उपयोग राजाला आणि प्रेक्षकांना झाला. तिनें मधला सर्व काळ नुसता नकार सोसला. संस्कृतांत ‘निराकरण’ याचा एक अर्थ दूर लोटणें असाही आहे. मराठींत तोच शब्द शंका मिटविणें या अर्थानें रुळला. ताईंच्या बाबतींत लोटणें झालें, शंका मात्र कोणीं मिटविली नाहीं.

गेल्या महिन्यांत उलटें घडलें. नांदेडकडील एक स्थळ आपण होऊन आलें. मुलगी शिकलेली, माणसें चांगलीं. परंतु जमीन विकून पुण्यास यावें अशी अट. पुतण्याला तें मान्य नव्हतें. वहिनी म्हणाल्या, “भावजी, पत्रिकेचं कारण लिहून टाका, कुणाला वाईट वाटायला नको.” आम्ही कागद घेऊन बसलों. मुलगा शेजारीं उभा होता. म्हणाला, “काका, माझ्या नांवानं लिहा. जमीन सोडायची नाही, म्हणून नाही म्हणतो. मुलीत काही कमी नाही, हेही लिहा.”

तसें लिहिलें. ताईंनीं पत्र वाचावयास मागून घेतलें, चष्मा पुसून दोनदां वाचलें, आणि स्वतःच पाकिटांत घातलें.