शिरस्त्राणाची पट्टी

दोस्तांनो, गॅदरिंगचे दिवस जवळ आले की घराघरांत एकच गडबड असते. कुणाला दाढी हवी असते, कुणाला तलवार. कुणाच्या आईची जरीची साडी कपाटातून गुपचूप गायब होते! तुमच्यापैकी कुणी ऐतिहासिक नाटकात असेल, तर ही गोष्ट खास त्याच्यासाठी. गोष्ट माझीच आहे, आणि तिच्यात मी काही फार शहाणा ठरत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

चाळीसएक वर्षं झाली. मी कोल्हापुरात आठवीत होतो. आमच्या वर्गानं सिंहगडाच्या लढाईचा प्रवेश बसवायचं ठरवलं. तानाजी व्हायला अकरा जण तयार! शेलारमामासाठी चार. उदयभानू मात्र कुणालाच नको होता. मग सरांनी माझ्याकडं बोट केलं.

पहिल्यांदा मी हिरमुसलो. पण घरी जाताना एक गोष्ट आठवली आणि चालीत जोर आला. वैशाखात, शिवजयंतीला, आमच्या गल्लीतल्या तालमीसमोर पांढरा पडदा लावून एक जुना ऐतिहासिक सिनेमा दाखवला होता. त्यातल्या एका किल्लेदाराच्या डोक्यावर लोखंडी टोप होता आणि कपाळावरून एक पट्टी थेट नाकावर उतरली होती. काय जरब होती त्या चेहऱ्यात! माझा उदयभानू अगदी तस्साच दिसला पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

आता टोप कुठून आणायचा? त्याचं उत्तर शेजारीच होतं. आमच्या शेजारचे आबा तरुणपणी स्टुडिओत कपडेपटात कामाला होते. कोल्हापूर म्हणजे सिनेमाचं गाव, बरं का! बाबूराव पेंटरांनी इथंच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांचा 'सिंहगड' हा मूकपट १९२३ सालचा. त्यात शिवाजी महाराजांचं काम स्वतः बाबूरावांनी केलं होतं, आणि म्हातारा शेलारमामा झाले होते ऐन विशीतले व्ही. शांताराम! पुढं भालजी पेंढारकरांनी जयप्रभा स्टुडिओत एकाहून एक ऐतिहासिक चित्रपट काढले. आबांकडं त्या काळातली एक लाकडी पेटी होती आणि तिच्यात एक जुना टोप होता.

"ने की," आबा म्हणाले. "पर जपून हं. लेकरागत संभाळ."

टोप घरी आणला आणि न्याहाळून बघितला. तो लोखंडाचा नव्हताच! कागदाचा लगदा चिंचोक्याच्या खळीत मळून साच्यावर थापलेला, वरून चंदेरी रंग, आणि खाचांत काळा रंग चोळून जुन्या लोखंडाचा भास आणलेला. मागं मानेवर लोंबणारी कड्यांची जाळी म्हणजे चक्क विणलेला दोरा, चंदेरी रंगवलेला. खरा लोखंडी टोप किलोच्या पुढं जातो. तो घालून दिवसभर शूटिंग कोण करणार? हा टोप मात्र नारळाच्या करवंटीसारखा हलका.

पण माझं मन खट्टू झालं. कारण या टोपाला नाकावरची पट्टी नव्हती. उलट कपाळाच्या वर एक पत्र्याची पट्टी उभी होती, पानाच्या आकाराचं टोक असलेली. पडद्यावर असं काही मी बघितलं नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी उगाच शोभेला लावली असणार.

त्या वेळी सिनेमा थांबवून, मागं नेऊन बघायची सोय नव्हती. एकदा बघितलं ते बघितलं. पण मामाच्या ट्रंकेत त्या सिनेमाचं गाण्यांचं पुस्तक होतं, थिएटरात विकत मिळायचं तसलं. त्यात त्या किल्लेदाराचं चित्र होतं, टपालाच्या तिकिटाएवढं आणि पुसट. मी कंपासपेटीतली पट्टी घेतली आणि मापं काढली. चित्रात टोपाची उंची ९ मिलिमीटर, नाकाची पट्टी ६ मिलिमीटर. म्हणजे टोपाच्या दोन तृतीयांश. आबांचा टोप १८ सेंटिमीटर उंच, म्हणून माझी पट्टी हवी १२ सेंटिमीटर. गणितात मला एवढा आनंद आधी कधी झाला नव्हता!

तेलाच्या डब्याचा पत्रा कापला. नाक कापू नये म्हणून कडा मुडपल्या. खालचं टोक कानशीनं घासून गोल केलं. आता राहिली ती वरची 'शोभेची' पट्टी. चित्रात नाही, तर ती असायचं कारण काय? मी पत्र्याची कात्री घेतली. कर्रर्र करून पट्टी मुळातून कापली आणि माझी नवी पट्टी तिथं तारेनं घट्ट बांधली. आरशात बघितलं. हुबेहूब! रात्री नीट झोपही लागली नाही, इतका खूश होतो.

सकाळी टोप घेऊन आबांकडं पळालो. मला शाबासकी हवी होती.

आबांनी टोप हातात घेतला. फिरवून बघितला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हितली पट्टी कुठं हाय?"

मी खिशातून काढून दिली. फेकली नव्हती, एवढंच माझं नशीब.

आबांनी फडक्याला रॉकेल लावलं आणि टोपाच्या कपाळावरची एक बारकी कडी पुसायला लागले. रंगाचे थर निघाले तसा कडीतला इवलासा स्क्रू दिसायला लागला. त्यांनी तो ढिला केला. कडीत अडकून राहिलेलं पट्टीचं थोटूक खाली सरकलं आणि टप्पकन त्यांच्या मांडीवर पडलं.

"ही खाली येत होती रं पोरा," ते हळूच म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. खऱ्या जुन्या टोपांची नाकपट्टी अशीच असते, दोस्तांनो. ती कडीतून वर-खाली सरकते. लढाई आली की खाली ओढून स्क्रू आवळायचा, एरवी वर चढवून ठेवायची. आबांच्या माणसांनी टोप लगद्याचा केला, पण पट्टी खरी सरकणारी केली होती. त्याला कारणही होतं. नट बोलत असताना चेहरा दिसायला हवा, तेव्हा पट्टी वर. हाणामारी सुरू झाली की खाली. पुढं वर्षानुवर्षं रंगाचे हात बसले आणि ती वरच चिकटून राहिली.

मी घरी जाऊन कापलेली पट्टी आणि थोटूक एकापुढं एक ठेवून मोजलं. बरोबर १२ सेंटिमीटर! जी वस्तू मी गणित करून बनवली, तीच कापून मी खिशात घातली होती.

आबा रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फक्त सांगत बसले. १९४८ साली गांधीजींच्या खुनानंतर झालेल्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ कसा पेटला ते. 'मीठभाकर' हा चित्रपट त्या आगीत गेला आणि भालजींना तो पुन्हा काढावा लागला ते. बाबूराव पेंटरांचे बहुतेक मूकपटही आज उरलेले नाहीत. "पिच्चर गेलं, कपडं गेलं," आबा म्हणाले, "ऱ्हायलं ते असं चिल्लर."

त्या चिल्लरीतलंच एक मी कापलं होतं.

दुरुस्तीही सोपी नव्हती. डाख द्यावा तर खालचा लगदा जळेल. शेवटी पट्टी कडीतून बाहेर काढून, दोन्ही तुकडे थोडे एकावर एक घेऊन दोन बारीक रिव्हेट मारले. पट्टी आखूड झाली आणि जोड आला तो आलाच. त्यावर रंग लावायला मी ब्रश उचलला, तर आबांनी हात धरला. "ऱ्हाऊ दे. कुणी केलं, का केलं, ते दिसू दे."

टोपावर लावायला माझ्याकडं पांढराशुभ्र तुरा होता. सिनेमात पांढराच दिसला होता ना! आबा हसले. म्हणाले, पांढरंशुभ्र कापड दिव्याखाली भगभगतं, म्हणून आम्ही ते चहाच्या पाण्यात बुडवायचो. पडद्यावर पांढरं दिसलेलं हातात मळकंच असायचं. मूकपटाच्या काळात तर फिल्मला लाल रंग काळा दिसायचा. म्हणजे बघा, पडद्यावरचं जसंच्या तसं करायचं म्हटलं, तर आधी विचारायला हवं, जे दिसलं त्याच्यासारखं की जे होतं त्याच्यासारखं?

गॅदरिंगला प्रवेश झाला. तानाजी समोर आला तेव्हा मी स्क्रू ढिला केला, पट्टी नाकावर ओढली आणि तलवार उपसली. टाळ्या तानाजीलाच मिळाल्या, ते बरोबरच होतं. दुसऱ्या रांगेत आबा बसले होते. ते तेवढे कपाळाकडं बघत होते.

आज तुमच्याकडं फोन आहे. सिनेमा थांबवून टोपाचं कडंन् कडं मोठं करून बघता येतं. फोम शीट मिळते, रंगाचे स्प्रे मिळतात. तुम्ही माझ्यापेक्षा शंभरपट हुबेहूब टोप कराल, आणि जरूर करा! फक्त जुनी वस्तू हातात आली, तर तीन गोष्टी करा. एक, तिचा प्रत्येक भाग सरकतो का, फिरतो का, हे आधी हलक्या हातानं बघा. दोन, तुमची भर दोऱ्यानं बांधा, म्हणजे उद्या सोडता येईल. आणि तीन, एखादा भाग 'उगाच' वाटला, तर कात्री उचलायच्या आधी एखाद्या आबांना विचारा.

माझा तेलाच्या डब्याचा तुकडा अजून टेबलाच्या खणात आहे. १२ सेंटिमीटर, कडा मुडपलेला, अगदी बिनचूक. कशाच्याही उपयोगाचा नाही!