महिन्याला एक इंच

तुटलेला मज्जातंतु सांधतां येतो, असें शस्त्रवैद्यांनीं सांगितलें तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें तारायंत्राची तार उभी राहिली : जोड दिला कीं संदेश सुरू! कपाटाच्या फुटलेल्या कांचेनें आमच्या उजव्या मनगटांतील एक तंतु तुटला होता, आणि आंगठा व शेजारचीं दोन बोटें परक्याचीं झालीं होतीं. चहाचा पेला भाजतो आहे हें फोड पाहिल्यावर कळे.

परंतु हा प्रकार तारेचा नव्हे, वेलीचा आहे. ऑगस्टस वॉलर यांनीं १८५० सालीं बेडकाच्या जिभेचे तंतु कापून दाखवून दिलें कीं, कापाच्या पलीकडील भाग झिजून नाहींसा होतो. मागें उरतात त्या रित्या नळ्या. अलीकडच्या टोंकास कोंभ फुटतो आणि त्या नळींतून दिवसाला सुमारें १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर, पुढें सरकतो. (बोटाचें नख याच्या दशांशानेंच वाढतें, एवढाच काय तो दिलासा.) मनगटापासून बोटाच्या अग्रापर्यंत सहा-सात इंच! तोंवर आंगठ्याच्या मुळाशीं असलेला मांसल उंचवटा ओसरत जातो, आणि कोंभ फारच उशिरां पोंचला तर तो स्नायु पुन्हा जागा होत नाहीं. लेखणीवर ज्याचें पोट, त्यास ही धास्ती निराळी सांगावयास नको.

त्या रिकाम्या महिन्यांत आम्हीं हेन्री हेड यांचा १९०८ सालीं प्रसिद्ध झालेला वृत्तान्त वाचला. रोग्यांच्या मोघम उत्तरांनीं समाधान होईना, तेव्हां लंडनच्या ह्या वैद्यांनीं २५ एप्रिल १९०३ रोजीं स्वतःच्याच डाव्या हाताचा स्पर्शतंतु मुद्दाम कापवून पुन्हा शिवून घेतला. नीलगिरींतील तोडा लोकांचा अभ्यास करून परतलेले रिव्हर्स हे केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांतील आपल्या खोल्यांत चार वर्षांहून अधिक काळ तो हात तपाशीत. हेड डोळे मिटून बसत. रिव्हर्स कधीं कापूस, कधीं टांचणी, कधीं थंडगार नळी टेकवीत. प्रथम परतली ती वेदना. टांचणी टोंचल्याचें कळे, पण नेमकी कोठें तें कळेना, आणि कळ भलतीकडेच पसरे. कापसाचा मृदु स्पर्श आला तो पुष्कळ मागाहून. ह्यावरून त्यांनीं संवेदनेच्या दोन स्वतंत्र व्यवस्था कल्पिल्या. तो सिद्धान्त पुढें टिकला नाहीं. वर्णनास मात्र आमचा हात साक्ष देईल. चौथ्या महिन्यांत पांघरुणाची कड लागली तरी बोटांतून वीज जाई, आणि आम्ही आनंदानें ओरडत असूं. घरच्यांस तें विचित्र वाटे.

कोंभही वाट चुकतात. एकाच्या नळींत दुसरा शिरतो. मग तर्जनीस केलेला स्पर्श मधल्या बोटास जाणवतो. ती चूक हातांत दुरुस्त होत नाहीं. मेंदूसच पुन्हा मुळाक्षरें गिरवावीं लागतात. म्हणून रोज सायंकाळीं आमच्या सौ. एका पिशवींत किल्ली, सुपारी, बटण आणि रुपया घालतात, व आम्ही डोळे मिटून चांचपतों. ३० वर्षें विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेणारास हा न्याय योग्यच म्हणावा! किल्ली व सुपारी आतां ओळखतां येते; रुपया आणि बटण अजून एकच. पुस्तकाचीं पानें दोन-दोन उलटतात.