राजाजीनगरच्या बागेतली मासेमारी

बंगळूरच्या राजाजीनगरात नदी नाही. नवरंग चौकातली वर्दळ आणि इस्कॉनच्या टेकडीकडे निघालेले भाविक, ही इथली ओळख. तरीही मासेमारीचा पहिला धडा मी गिरवला तो इथल्याच एका बागेत!

माझ्या मेहुण्यांना 'फ्लाय फिशिंग'चा भारी नाद. यात गळाला गांडूळ लावत नाहीत, तर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी असते. ती इतकी हलकी, की तिला दूर नेण्यासाठी दोरीच वजनदार लागते. काठी मागे नेल्यावर दोरी पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचं, मगच पुढे फेकायची. दोन सकाळींत मला हे जमलं आणि आम्ही परवाना काढून कोडगूत, कुशालनगरजवळच्या वालनूरला कावेरीवर गेलो.

इथलं आकर्षण म्हणजे महासीर. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात ज्याची पिल्लं वाढवतात, तोच हा कुळाचा मासा. त्याने तीनदा माशी तोंडात घेतली आणि तिन्ही वेळा मी काठी डोक्यावर उचलली. माशी थेट मागच्या झुडपात!

"भावजी, मासा पकडताय की पतंग उडवताय?" मेहुणे हसले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाग. गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधला आणि तो दहा वर्षांच्या भाचीच्या मुठीत दिला. मी काठी उचलली, तर शेंडा वाकला आणि तिला ओढ जाणवलीच नाही. मग काठी खाली, लोकरीच्या रोखाने धरली आणि डाव्या हाताने दोरी खेचली. "आत्ता कळलं, काका!" ती ओरडली. यातली मेख अशी, की नेम चुकला तरी माशी पाण्यातच राहते आणि मासा पुन्हा येऊ शकतो. ट्राउटसारख्या नाजूक तोंडाच्या माशासाठी मात्र काठी अलगद उचलणंच बरं.

महिन्याने पुन्हा वालनूर. धक्का बसताच मी दोरी खेचली आणि लगेच सैल सोडली. कारण गळ रुतताच महासीर सुसाट पळतो. धरून ठेवली, तर दोरी तुटलीच! खेच आणि ढील, पतंगाचाच हिशेब, फक्त हात वेगळा.

मासा हातभर होता. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच चेपलेला असल्यामुळे तो सहज सुटला. पाण्यातच धरून, तोंड प्रवाहाकडे करून आम्ही त्याला सोडून दिलं. कावेरीच्या खोऱ्यातल्या नारिंगी परांच्या मोठ्या महासिराची २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त म्हणून नोंद झाली आहे आणि कावेरी अभयारण्यात गळ टाकायला बंदी आहे. म्हणून कुठेही जाण्यापूर्वी परवान्याची चौकशी करावी.

परतल्यावर भाचीने विचारलं, "मासा कुठाय?"

"नदीत," मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. पण पुढच्या रविवारी लोकर मुठीत धरून बागेत तीच आधी हजर!