फुटक्या बांगड्यांची बाग

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावर बिस्किटांचा एक डबा सापडला. आत फुटक्या बांगड्या, बाटल्यांची बुचे, कपांचे कान! मी तो सरळ केराच्या टोपलीत उपडा केला. संध्याकाळी आमची नववीतली कन्या रडवेली होऊन म्हणाली, "बाबा, ते चित्रकलेच्या तासाचं सामान होतं." "रंगपेटी आणून दिली आहे ना?" एवढे बोलून मी विषय मिटवला. दुसऱ्या दिवशी ती रिकाम्या हातांनी शाळेत गेली.

मे महिन्यात सिमल्याहून परतताना आम्ही चंदीगढला उतरलो. ल कॉर्बुझिएने आखलेले हे शहर. रस्ते सरळ, चौक नेटके. सुखना तळ्याजवळचे रॉक गार्डन मात्र या शिस्तीला वाकुल्या दाखवते. वाटा वळणावळणाच्या, आणि काही दारे इतकी ठेंगणी की मान लववल्यावाचून प्रवेश नाही!

फाळणीत घर गमावून आलेले नेकचंद सैनी येथे बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. नव्या शहरासाठी जुनी गावे पाडली गेली. त्यांतला मोडका ऐवज सायकलवर लादून १९५७ पासून ते रानातल्या घळीत नेत आणि गुपचूप मूर्ती घडवीत. जागा सरकारी, परवानगी नाही! पुढे बिंग फुटले, सारे जमीनदोस्त व्हायची वेळ आली; पण लोकांनी बाजू घेतली आणि १९७६ मध्ये बाग खुली झाली. १९८४ मध्ये नेकचंदांना पद्मश्री मिळाली.

बांगड्यांच्या काचांनी मढवलेल्या बायकांची रांग लागली, तशी लेक थबकली. एकीच्या घागऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई हेच सांगत होत्या. रंग आपण नेऊ तिकडे जातो. बांगडीचा तुकडा काही सरळ होत नाही. त्याचं वळण ठेवायचं आणि चित्र आपण बदलायचं."

पंचवीस वर्षे मुलांना निबंध शिकवतो आहे. त्यांचे वळण ठेवून मी माझे चित्र किती वेळा बदलले? उत्तर सुचेना. दाराशी पुन्हा मान लववली. या खेपेस ती जरा सहज लवली.

परवा सौभाग्यवतींच्या हातून कप फुटला. त्याचा कान उचलून मी मुकाट्याने त्या डब्यात टाकला.