शक्तिमानची टाकी

लष्कराच्या लिलावातले दोन जुने शक्तिमान ट्रक दलालाकडून घेऊन आम्ही बाळकुमला शेजारी शेजारी उभे केले, तेव्हा मोहल्ल्यातली पोरं धावत आली. दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ मालिका जोरात होती. गिरक्या घेणाऱ्या वीराऐवजी दोन हिरवे म्हातारे ट्रक पाहून पोरं हिरमुसली.

हा शक्तिमान जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनत होता. आमच्या एका ट्रकचं इंजिन ठणठणीत होतं, पण मागे सामानाचा उघडा हौदा. दुसऱ्याचं इंजिन जाम, पण पाठीवर पोलादी टाकी. ती टाकी पहिल्यावर चढवायची, असा बेत. घोडबंदर रोडवर इमारती उठत होत्या आणि टँकरला मागणी होती. सैन्याच्या गाडीला नवं अंग देणं तसं जगाला नवं नाही. मनिलात अमेरिकन सैन्याने महायुद्धानंतर सोडलेल्या जीप लांबवून लोकांनी प्रवासी ‘जीपनी’ केल्या.

बॉडी उचलण्याआधी अब्बांनी आम्हा भावांना वही घेऊन बसवलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाच हजार लिटर म्हणजे पाच टन, वर टाकीचं लोखंड वेगळं. खडबडीत जागी चासी पिळवटते, टाकी पिळवटत नाही. सगळीकडून घट्ट आवळली तर तिचं बूड तडकतं. म्हणून मध्ये लाकडाची पट्टी, यू-बोल्ट आणि एका टोकाला स्प्रिंगची ढिलाई. चासीच्या कडांना भोक नाही की वेल्डिंग नाही. टाकीत आडवे पडदे हवेत, नाहीतर ब्रेक लावताच पाणी पुढे धडकतं.

कागदांचा विषय निघाला तेव्हा दलाल म्हणाला, “टाकीवाल्याचे कागद तयार आहेत. तोच नंबर इकडे ठोका.” अब्बा म्हणाले, “बॉडी हा अंगरखा झाला. गाडी म्हणजे चासी. एकाचं नाव दुसऱ्याला देऊन रोजी कमवायची नाही.” १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल करायला आरटीओची मंजुरी लागते. आम्ही चांगल्या चासीच्या नावाने अर्ज लिहायला घेतला.

मग टाकीचं झाकण उघडलं आणि डिझेलचा भपकारा आला.

दलालाला त्यात काही वाटलं नाही. सोड्याने दोनदा धुवा, म्हणाला. भाईजानने मधला मार्ग काढला : पाणी फक्त बांधकामाला द्यायचं, टाकीवर ‘पिण्यासाठी नाही’ असं मोठ्या अक्षरांत लिहायचं. आम्हालाही ते पटलं होतं. दोन्ही ट्रकांत पैसे अडकलेले, त्यात बहिणीचं लग्न तोंडावर.

अम्मी चहा घेऊन आली होती. तिने विचारलं, “साइटवरचे मजूर कुठलं पाणी पितात रे?”

कुणी बोललं नाही. जे पाणी टँकर ओततो, तेच ते पितात, त्यानेच भात शिजवतात. आमच्या ओळखीचे कितीतरी जण तिथे त्याच पाण्याने वुजू करून जोहर पढायचे. वाचता येणारे त्यांच्यात थोडे.

जोडावर वेल्डिंग करून टाकी दुरुस्त करावी, असंही एक मत निघालं. मिस्त्रीने हात जोडले. इंधनाची रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा वाईट, आत वाफ राहते, ठिणगी पडली की भडका.

शेवटी जुन्या टाकीखालची चौकट तेवढी घ्यायची ठरली. नवी टाकी पत्र्याची, चार हजार लिटरची, पडद्यांसकट. चाचांनी रक्कम कर्ज-ए-हसना म्हणून दिली; फेडायला आम्हाला तीन वर्षं लागली. लग्न दोन महिने पुढे गेलं, मुलाकडच्यांनी समजून घेतलं.

जुनी टाकी भिवंडीकडच्या एका गिऱ्हाईकाला दिली. पावतीवर अब्बांनी आमच्याकडून लिहून घेतलं : यात पूर्वी डिझेल भरलेलं होतं, पाण्यासाठी वापरू नये. ते वाचून गिऱ्हाईकाने भाव आणखी पाडला आणि आम्ही त्या भावाला टाकी देऊन टाकली.