टापेखालचें दुखणें

घोडा पारखणारा मनुष्य प्रथम त्याचे दांत पाहतो, मग मान, मग छाती; त्याच्या अंगावरची तुकतुकी पाहून तर तो हरखूनच जातो. परंतु चारहि पाय एकामागून एक उचलून टापेचा तळ पाहणारा विरळा. वस्तुतः ज्या प्राण्याची सारी किंमत त्याच्या चालण्यांत आहे, त्याची परीक्षा तळापासूनच व्हावयास हवी.

मुंबईकरांस घोडा आतां दुर्मिळ झाला आहे. एके काळीं शहराच्या रस्त्यांवरून टपटप धांवणाऱ्या व्हिक्टोरिया गाड्या मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं बेकायदा ठरविल्या. पण आम्हां मुलुंडकरांच्या रेल्वेमार्गावरच नेरळ आहे आणि नेरळच्या माथ्यावर माथेरान. तेथें मोटारींस बंदी असल्यामुळें प्रवाशांस पाठीवर वाहून नेणारा घोडा अद्यापि पुष्कळ कुटुंबांचा पोशिंदा आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही कांहीं विद्यार्थ्यांसह तेथें गेलों असतां, एका गोठेवजा पागेपाशीं एक तांबडा घोडा मागचा डावा पाय अधांतरी धरून उभा असलेला आम्हांस दिसला. शेजारीं आमच्या नववीच्या मुलांएवढाच एक मुलगा हातांत औषधाची बाटली घेऊन खिन्नपणें बसला होता. दिवाळीचा हंगाम महिन्यावर आलेला. लंगड्या घोड्यावर कोण बसणार आणि घरांत काय येणार, ही चिंता त्या कोंवळ्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटली होती.

इतक्यांत एक वृद्ध नालबंद आले. त्यांनीं पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला, तोंच अशी दुर्गंधि सुटली कीं आमचीं मुलें चार पावलें मागें सरलीं. टापेच्या तळाशीं मध्यभागीं पाचरीच्या आकाराचा, रबरासारखा लवचिक असा एक भाग असतो. पाऊल टेकतांना बसणारा हिसका तो सोसतो. त्याच्या दोहों बाजूंस व मधोमध खांचा असतात. त्या खांचांत काळा, चिकट लगदा सांचला होता.

"चाचा, पंधरा दिवस रोज औषध घालतोंय," मुलगा म्हणाला.

"घालतोस खरा, पोरा, पण औषध पायाला आणि पाय चिखलांत! मग औषधानें करावें काय?" नालबंदांनीं पागेच्या ओल्या जमिनीकडे बोट दाखविलें.

त्या एका वाक्यांत या रोगाचें सारें शास्त्र आलें, असें आम्हांस वाटलें. हे जंतु, जेथें हवा पोंचत नाहीं तेथें फोफावतात. लीद, मूत्र व चिखल यांनीं टापेचें शिंग मऊ पडतें, खांचा बुजतात आणि त्या अंधारांत कुजण्यास आरंभ होतो. आरंभीं केवळ दुर्गंधि येते. पुढें कूज आंतल्या जिवंत मांसापर्यंत गेली कीं घोडा लंगडूं लागतो.

उपायाचा क्रम नालबंदांनीं मुलांदेखत दाखविला. आंकड्यानें टांचेकडून पुढें, हलक्या हातानें खांचा मोकळ्या केल्या. कुजून सुटलेला तेवढाच भाग सुरीनें काढला. मग ब्रशानें धुऊन फडक्यानें पूर्ण कोरडें केलें आणि आयोडीनमध्यें भिजविलेला कापूस खांचेंत बसविला. हा कापूस रोज बदलावयाचा. मोरचुदासारखीं जहाल औषधें उघड्या मांसास भाजतात, म्हणून तीं पशुवैद्यास विचारल्यावांचून वापरूं नयेत. रक्त येत असेल, पाय सुजला असेल किंवा घोडा लंगडत असेल, तर पशुवैद्यास बोलावणेंच श्रेयस्कर. कारण धनुर्वाताचें भय घोड्यास फार असतें, व त्याची लस टोंचली आहे कीं नाहीं हेंहि पाहावें लागतें. या विद्येचें महाविद्यालय मुंबईंत परळ येथें १८८६ पासून आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. त्यांतील कोणास तेथें जाण्याची इच्छा झाली तर आम्हांस आनंदच होईल.

परंतु खरें औषध पुढेंच होतें. मुलानें व त्याच्या वडिलांनीं त्याच दिवशीं पागेंतील ओली माती उपसली, मुरूम घालून जमिनीस उतार दिला आणि वर कोरडा पेंढा पसरला. रोज दोन वेळां लीद काढणें, सकाळसंध्याकाळ चारहि टापा साफ करणें, घोड्यास कोरड्या जागीं फिरविणें आणि पांचसहा आठवड्यांनीं नालबंदाकडून टाप कापून घेणें, एवढा नेम त्यांनीं बांधून घेतला. टाप साफ करण्यास दहा मिनिटेंहि पुरतात. दिवाळीच्या सुटींत आमचा एक विद्यार्थी आईवडिलांसह माथेरानास गेला होता. तांबडा घोडा चारहि पाय टेकून चालतो, मात्र त्याच्यावर अद्याप लहान मुलांनाच बसवितात, असें त्यानें येऊन सांगितलें.

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या दारीं घोडा नाहीं. तथापि थंड हवेच्या ठिकाणीं घोड्यावर बसण्याचा प्रसंग सर्वांस येतो. त्या वेळीं भाड्याची घासाघीस करण्यापूर्वीं, "दादा, याच्या टापा जरा दाखवा," एवढें नम्रपणें म्हणावें. टाप कोरडी व वासरहित असेल तर मालकास शाबासकी द्यावी. घोडा पाय राखून चालत असेल, तर मुलांनीं हट्ट धरूं नये आणि पालकांनीं तो पुरवूं नये. मुक्या जनावरास आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. तें पाय उचलूनच पाहावें लागतें.